घर सोडता येत नाही, अशा माणसांना एकत्र कसे आणावे?

प्रश्न : एक आई, दारव्हा तालुका, जि. यवतमाळ

नमस्कार. दारव्हा तालुक्यातील एका लहान गावात आम्ही राहतो. माझा मुलगा अकरा वर्षांचा आहे. जन्मल्यावर तो उशिरा रडला, मान धरायलाही त्याला फार उशीर झाला, आणि दीड वर्षाचा असताना त्याला सेरेब्रल पाल्सी असल्याचे निदान झाले. अधूनमधून त्याला मिरगीचे झटके येतात. आधार दिला तर तो बसतो. बोलता येत नसले तरी हसून आणि डोळ्यांनी पुष्कळ सांगतो. वाटीभर वरण-भात भरवायला मला पाऊण तास लागतो, कारण त्याला छातीशी टेकवून, हनुवटी किंचित खाली धरून, एक घास गिळल्याची खात्री झाल्यावरच दुसरा द्यावा लागतो. घाई केली की ठसका लागतो.

मुलाचे करणे मला जड जात नाही. हळूहळू गाव सुटत गेले, ते जड जाते. आधी नात्यातली लग्ने सुटली, मग महालक्ष्म्यांची जेवणे, मग हळदी-कुंकू. सुरुवातीला बोलावणे येत असे आणि मी निरोप पाठवत असे. पुढे ‘तिले कुठं येता येते’ म्हणून बोलावणेही थांबले. माझी मुलगी चौदा वर्षांची आहे. भुलाबाईच्या दिवसांत गल्लीतल्या मुली घरोघरी गाणी म्हणत फिरतात, पण आमच्या ओसरीवर त्या तीन वर्षांपासून येत नाहीत. शेवटच्या वर्षी गाणी चालू असतानाच याला झटका आला होता. त्यावरून कोणी वाईट बोलले नाही. मुली घाबरल्या आणि त्यांच्या आयांनी त्यांना पुन्हा पाठवले नाही, एवढेच झाले.

आमच्या गावात अशी आणखी सहा घरे मला माहीत आहेत. एका घरी लकव्याने अंथरुणाला खिळलेले सासरे आहेत. एका घरची आजी सगळे विसरत चालली आहे आणि रोज दिवेलागणीला ‘माहेरी जातो’ म्हणून पिशवी घेऊन निघते. एका घरी मानसिक आजार असलेला तरुण मुलगा आहे; त्याच्या आईला मी चार वर्षांत बसस्टँडवर पाहिलेले नाही. या सगळ्या घरांत करणारी बाई एकटी आहे.

गेल्या महिन्यात मी आणि अंगणवाडीताईंनी मिळून या घरांची बैठक समाजमंदिरात ठेवली. रविवारी दुपारी दोनची वेळ ठरवली, घरोघरी जाऊन सांगितले, सगळ्यांनी ‘हो, येतो’ म्हटले. प्रत्यक्षात एकच बाई आली आणि तीही पंधरा मिनिटांत उठली, कारण घरी सासऱ्यांजवळ ती आठ वर्षांच्या नातीला बसवून आली होती. निंदणाचे दिवस होते हे खरे, पण तेवढेच कारण असेल असे मला वाटत नाही. आम्हा सात घरांना एकमेकांचा आधार व्हावा अशी माझी मनापासून इच्छा आहे. ज्यांनी असे काही उभे केले असेल त्यांनी सुरुवात कुठून करावी ते कृपया सांगावे.

उत्तर १ : माजी विशेष शिक्षक, आर्वी तालुका, जि. वर्धा

ताई, आलेली एकमेव बाई पंधरा मिनिटांत का उठली हे तुम्हीच लिहिले आहे, आणि तुमच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर त्यात आहे. जिला घर सोडता येत नाही तिला बैठकीचे निमंत्रण देणे म्हणजे तिच्यावर आणखी एक काम टाकणे होते, कारण यायचे तर आधी घरी बसणारे माणूस तिने शोधावे लागते. म्हणून बैठक मागे ठेवा. आधी प्रत्येक घरासाठी बदली बसणारे एक माणूस तयार करा. बैठक त्यानंतर आपोआप होते, हे मी एकाहून अधिक गावांत पाहिले आहे.

शाळेत येऊ न शकणाऱ्या दिव्यांग मुलांना घरी जाऊन शिकवण्याचे काम मी अनेक वर्षे केले. एका गावात एका मुलीची आई माझ्याशी कधीच नीट बोलत नसे. मी मुलीचा व्यायाम घेत असताना ती भिंतीला टेकून डोळे मिटत असे, आणि सुरुवातीला मला तो अनास्थेचा प्रकार वाटला, याची आजही खंत वाटते. पुढे तिच्या चुलत सासूला आम्ही मुलीजवळ बसायला तयार केले आणि आईला आठवड्यातून दोन तास मोकळे मिळाले. पहिल्या दिवशी ती कुठेही गेली नाही. शेजारच्या ओसरीवर चटई टाकून झोपली. पुढचे चार आठवडेही ती झोपायलाच जात होती, आणि पाचव्या आठवड्यात पहिल्यांदा बचत गटाच्या बैठकीला जाऊन बसली. सांगण्याचा हेतू हा की मोकळ्या वेळेत तिने काय करावे हे आपण ठरवू नये, आणि ती लगेच गटात आली नाही म्हणून निराशही होऊ नये.

बसणारे माणूस तयार करायला धीर लागतो. पहिल्या तीन-चार वेळा आई घरातच असावी आणि नव्या व्यक्तीने केवळ पाहावे, मग आईसमोर स्वतः भरवून पाहावे. त्यानंतर आईने अंगणात बसावे, मग शेजारी, मग गावात. तुमच्या मुलाच्या बाबतीत दोन गोष्टी हाताने शिकवाव्या लागतील. एक घास भरवण्याची पद्धत, जी तुम्ही इथे इतकी नेमकी लिहिली आहे. दुसरी झटक्याची. झटका आला की मुलाला कुशीवर वळवायचे, डोक्याखाली मऊ कापड ठेवायचे, तोंडात चमचा, बोट, पाणी काहीही घालायचे नाही, हातपाय दाबून धरायचे नाहीत, आणि घड्याळ पाहायचे. पाच मिनिटांवर गेला, किंवा शुद्ध न येता लागोपाठ दुसरा आला, तर १०८ वर फोन करून रुग्णवाहिका बोलवायची. कांदा किंवा चप्पल हुंगवण्याची पद्धत अजूनही गावोगाव आहे. तिचा काहीही उपयोग नाही, हे प्रेमाने पण स्पष्टपणे सांगावे लागते. हे सगळे एका वहीत मोठ्या अक्षरांत लिहा आणि वही खिळ्याला सुतळीने टांगून ठेवा. घाबरलेल्या माणसाला ऐकलेले आठवत नाही.

शेतीत एकमेकांच्या कामाला जाऊन फेड करण्याची सावड आपल्या लोकांना शिकवावी लागत नाही. आज माझ्या शेतात तू, उद्या तुझ्या शेतात मी. हीच रीत घरातल्या करण्याला लावली की लोकांना ती उपकारासारखी वाटत नाही. तुम्हाला त्यांच्या घरी जाऊन बसणे शक्य नसेल, तर फेड दुसऱ्या कामाने करा. कोणाचे अर्ज लिहून द्या, कोणाच्या मुलांचा अभ्यास घ्या. घेणाऱ्याच्या हातात देण्यासारखे काही नसेल तर तो फार दिवस घेत नाही.

उत्तर २ : आईची सेवा करणारा मुलगा, काटोल तालुका, जि. नागपूर

सरांचे म्हणणे मला पटते, तरी एक बाजू राहून जाते असे वाटते. ताईंनी लिहिले की सगळ्या घरांत करणारी बाई एकटी आहे. माझ्या घरी करणारा मी आहे. वडील नाहीत, बहिणींची लग्ने झाली, माझे झाले नाही. आईला लकवा होऊन सहा वर्षे झाली. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी तिची कूस बदलावी लागते, आणि काटोलच्या बाजारात जाऊन परत यायला मला अडीच तास लागतात. त्या अर्ध्या तासामुळे मी बाजारात जाणे सोडले. पानठेल्यावर उभे राहणे, संत्र्याच्या भावावर बोलणे, रात्री भजनाला बसणे हे सगळे सुटले. बचत गट, महिला ग्रामसभा, हळदी-कुंकू यांतून आधार उभा राहील तेव्हा माझ्यासारखा पुरुष त्यात कुठे बसणार, याचाही विचार आपण करावा, ही विनंती आहे.

परके माणूस घरात बसवणे दिसते तेवढे सोपेही नसते. आईचे कपडे बदलणे, शी-शू काढणे हे शेजारणीसमोर उघडे पडावे असे आईला वाटत नाही, आणि तिची ही इच्छा मी मोडू शकत नाही. शेवटी आम्ही असा मार्ग काढला की शेजारच्या काकू कूस बदलायला तेवढ्या येतात, बाकीचे मी परत आल्यावर करतो. म्हणजे बदली माणसाला काय करू द्यायचे आणि काय नाही, हे अंथरुणावरच्या माणसाला विचारून ठरवावे. ते बोलू शकत नसले तरी त्यांचा चेहरा बोलतो.

माझ्याकडून इतकेच की त्या सहा घरांत कुठे एखादा मुलगा, जावई किंवा म्हातारा नवरा एकटा करत असेल, तर कृपया त्याच्याकडे स्वतंत्र जा. तो स्वतःहून सांगणार नाही.

उत्तर ३ : सिकलसेलग्रस्त मुलाची आई, कुरखेडा तालुका, जि. गडचिरोली

आमच्याकडे घरे टोल्याटोल्यांवर विखुरलेली आहेत, त्यामुळे कोणी कोणाच्या घरी जाऊन बसणे अवघड आहे. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार; माझ्या मुलाला पाणी कमी पडले, थंडी लागली किंवा ताप आला की हातापायांत असह्य दुखणे उठते, म्हणून हिवाळाभर मी त्याला सोडून कुठे जात नाही. त्यातच सिकलसेलच्या रुग्णाला मिळणारे लाल कार्ड घरात असल्याचे कळले तर बहिणीची सोयरीक अडेल या भीतीने घरचे लोक आजाराचे नावच काढू देत नाहीत. लपवण्यामुळे येणारा एकटेपणा हा सगळ्यात वाईट, असा माझा अनुभव आहे.

आम्ही चार आया प्राथमिक आरोग्य केंद्रात औषध घ्यायला आता एकाच दिवशी जातो. तिकडे जावेच लागते, त्यामुळे वेगळे निघावे लागत नाही आणि घरच्यांना कारणही सांगावे लागत नाही. व्हरांड्यात अर्धा तास बसतो, डबा खातो आणि परत निघतो. ताई, तुमच्या घरांनाही जिथे जावेच लागते असे एखादे ठिकाण शोधून पाहा.

उत्तर ४ : आशा गटप्रवर्तक, नांदगाव खंडेश्वर तालुका, जि. अमरावती

वरील तिन्ही अनुभव वाचून मला आमच्या भागातले काम आठवले. अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत काही वर्षांपूर्वी ‘विश्राम’ नावाचा प्रकल्प झाला होता. गावातल्याच कार्यकर्त्यांना शिकवून लहान लहान बैठका घेणे, घरी जाऊन बोलणे, आणि गरज असेल त्यांना समुपदेशक व मानसोपचारतज्ज्ञांपर्यंत पोचवणे अशी त्याची रीत होती. नैराश्य असलेल्यांपैकी उपचार घेणाऱ्यांचे प्रमाण आधी ४.३ टक्के होते, ते १८ महिन्यांत २७.२ टक्क्यांवर गेले. शेतीच्या ताणाखालच्या याच वऱ्हाडात हे झाले आहे. घरी जाऊन, पुन्हा पुन्हा जाऊन, ओळखीच्या माणसाने बोलले की लोक बोलतात, हे मी त्यावरून ठामपणे म्हणते.

दादांचा प्रश्न मोलाचा आहे. आमच्या एका गावात श्रीगुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना रोज संध्याकाळी होते. तिथे येणारे बहुतेक पुरुष वयस्क, सवडीचे आणि गावाच्या विश्वासातले असतात. प्रार्थना संपल्यावर पाच मिनिटे मागून आम्ही त्यांना विचारले की आठवड्यातून एकदा कोणाच्या सोबतीला बसाल का. तिघे तयार झाले. त्यांतले एक आजोबा लकवा झालेल्या गृहस्थांना वर्तमानपत्र वाचून दाखवतात, आणि त्या वेळेत त्यांचा मुलगा ओलिताला जाऊन येतो. महिलांच्या बाजूने उमेदच्या, म्हणजे राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाच्या, ग्रामसंघाशी (गावातल्या बचत गटांच्या संघाशी) बोला. अडचणीतल्या कुटुंबांसाठी ग्रामसंघाकडे जोखीम प्रवणता निधी असतो, आणि मुख्य म्हणजे गावातली बहुतेक घरे कोणत्या ना कोणत्या गटात असतात.

ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नातील ५ टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करणे बंधनकारक आहे. ती कशावर खर्च झाली हे ग्रामसभेत विचारण्याचा तुम्हाला अधिकार आहे. एकटीने विचारले तर उत्तर टाळले जाते, चार घरांनी मिळून विचारले तर वही उघडावी लागते. मात्र ग्रामसभेत कोणत्याही घराचे किंवा आजाराचे नाव वाचू देऊ नका, विशेषतः त्या तरुण मुलाचे. त्याच्या आईकडे एकीनेच जावे, तिला बैठकीला बोलावू नये, नुसते जाऊन बसावे. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक तिच्याजवळ लिहून ठेवा. तो मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येते. फोन त्या मुलासाठीच करावा असे नाही, ती स्वतःसाठीही करू शकते.

दिव्यांग प्रमाणपत्रासाठी जिल्हा रुग्णालयात जाताना दोन घरांनी एकत्र जावे. रांगेत एकीने मुलांजवळ बसता येते आणि दुसरीला कागद घेऊन खिडकीवर जाता येते. सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता, बौद्धिक दिव्यांगता आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी राष्ट्रीय न्यास या केंद्र सरकारच्या संस्थेची ‘निरामय’ आरोग्य विमा योजना आहे, तिचे संरक्षण एक लाख रुपयांपर्यंत आहे; त्याच फेरीत तिची चौकशी करावी. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात, ज्यांना जास्त आधाराची गरज आहे अशांसाठी काळजीवाहू भत्त्याचा उल्लेख कलम २४ मध्ये आहे. मागणी करताना हे कलम अर्जात लिहावे.

शेवटची गोष्ट अवघड आहे. असे पालक तीन-चारदा भेटले की ‘आपल्या मागे याचे काय’ हा प्रश्न निघतोच. परतवाड्याजवळच्या वझ्झर येथे शंकरबाबा पापळकर यांनी बेवारस दिव्यांग मुलांना अठरा वर्षांनंतरही आपल्याजवळच ठेवले आणि त्यांच्या आजीवन पुनर्वसनाचा कायदा व्हावा ही मागणी वर्षानुवर्षे लावून धरली. २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. ज्यांना आईवडील आहेत त्यांच्यासाठी १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक समितीकडून मूल अठरा वर्षांचे झाल्यावर कायदेशीर पालक नेमता येतो. हा विषय निघाला की घाईने बदलू नका. मी एकदा बदलला होता, आणि पुढच्या वेळी त्या आई आल्या नाहीत.

प्रश्नकर्तीचे उत्तर : दारव्हा तालुका, कोजागिरीनंतर

सर, दादा, ताई, आपण सगळ्यांनी इतक्या आस्थेने लिहिले याबद्दल मनापासून आभार. पाच आठवड्यांत जे झाले ते कळवते.

सरांनी सांगितल्याप्रमाणे बैठक बाजूला ठेवली. घरामागच्या गल्लीतल्या एक विधवा काकू आहेत, साठीच्या. त्यांना विचारले. पहिल्या तीन वेळा त्या माझ्याजवळ बसून नुसत्या पाहत होत्या. चौथ्यांदा त्यांनी भरवले, आणि मला वाटत होते तसा ठसका लागला नाही. त्यांचा हात माझ्यापेक्षाही सावकाश चालतो. सहाव्या वेळी त्या असतानाच त्याला झटका आला. मी अंगणात होते. आत आले तेव्हा काकूंनी त्याला कुशीवर वळवले होते, लुगड्याचा पदर घडी करून डोक्याखाली ठेवला होता आणि त्या भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत होत्या. दोन मिनिटांत थांबला. त्यांचे हात कापत होते, पण पुढच्या वेळी त्या आल्या. ‘मी बसतो याच्याजवळ, तू जाय,’ म्हणाल्या. मी बचत गटाच्या बैठकीला एक तास दहा मिनिटे जाऊन आले. त्यांच्या पोस्टाच्या खात्याचे आणि निराधारच्या अर्जाचे काम मी करून देते, म्हणून त्यांनाही संकोच वाटत नाही.

सातपैकी तीन घरे आता एकमेकांना धरून आहेत. दादांनी लिहिल्यावर पुन्हा विचार केला, तेव्हा लक्षात आले की विसरणाऱ्या आजींजवळ संध्याकाळी त्यांचे यजमानच असतात आणि मी सून करते असे धरून चालले होते. आजी निघाल्या की ते त्यांना अडवत नाहीत, पिशवी स्वतःच्या हातात घेतात, मारुतीच्या देवळापर्यंत सोबत चालतात आणि मग ‘उशीर झाला, उद्या जाऊ’ म्हणून परत आणतात. हे त्यांनी कोणालाही सांगितले नव्हते. आता कधी कधी काकूंचा नातू त्या दोघांबरोबर चालतो. त्या तरुण मुलाच्या आईकडे अंगणवाडीताई मंगळवारी जातात. अजून बोलणे फारसे झालेले नाही, पण दार उघडले जाते.

कोजागिरीला मुली भुलाबाईची गाणी म्हणत आमच्या ओसरीवर आल्या. काकूंनीच त्यांच्या आयांना आधी वहीतले सगळे वाचून दाखवले होते, हे मला नंतर कळले. माझी मुलगी खिरापतीचा डबा घेऊन बसली, मुली डबा हलवून आवाजावरून ओळखू लागल्या, आणि डबा वाजला की हा हसायचा. मग एका मुलीने डबा त्याच्या कानाजवळ नेऊन वाजवला. त्यांनी खिरापत लवकर ओळखायची असते, पण त्या दिवशी त्या मुद्दाम चुकीची नावे घेत राहिल्या.

आता एक अडचण उभी आहे. सोयाबीन निघाले, कपाशीची वेचणी सुरू होते आहे, आणि काकू वेचणीला जाणार, कारण किलोमागे मिळणारा पैसा त्यांना सोडता येणार नाही आणि मी तो सोडा असे म्हणू शकत नाही. दुसऱ्या घरातली बसणारी बाईही वेचणीलाच जाते. आमच्या गावातही प्रार्थना होते. तिथे येणाऱ्या दोन आजोबांशी बोलायला उद्या संध्याकाळी अंगणवाडीताई आणि मी जाणार आहोत. वही सोबत नेते आहे. वेचणीच्या महिन्यांत बसणाऱ्यांची सोय आणखी कोणी कशी केली असेल तर जरूर लिहावे.